जुनं दगडी फार्महाऊस वाढवून आधुनिक, आलिशान घर करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतावरचं शंभर-दोनशे वर्षांचं दगडी घर हातात आलं की सल्ले दोन टोकांचे मिळतात. एक जण सांगतो, पाडून टाका आणि तोच दगड नव्या बंगल्याला दर्शनी लावा. दुसरा सांगतो, खिळासुद्धा ठोकू नका. खालची उत्तरं दोघांनाही पटणार नाहीत. घर वाढवायला हरकत नाही, ते आलिशान करायलाही नाही. पण आधुनिक सोयींचा बोजा शक्यतो नव्या भागावर टाकावा आणि जुन्या भिंतींना त्यांच्या पद्धतीने जगू द्यावं, या मताने ती लिहिली आहेत.

सगळ्यात आधी काय करायचं? आर्किटेक्टकडून नकाशा काढून घ्यायचा का?

नकाशा थांबू शकतो, पाणी थांबत नाही. आधी छपराची गळती बंद करा, पन्हळी साफ करा, तुटलेले पाइप बदला आणि भिंतीलगत साचणाऱ्या पाण्याला वाट काढून द्या. मग जमलं तर सगळे ऋतू त्या घराला बघा. कुठल्या भिंतीला कधी ओल धरते, दुपारचं ऊन कुठपर्यंत येतं, वारा कुठून घुसतो, हे कुठल्याच सर्वेक्षणात इतकं नीट उतरत नाही.

मोजमापं मात्र लेझर स्कॅनने करून घ्या. अशा घरात काटकोन औषधालाही सापडत नाही. भिंती खाली जाड आणि वर निमुळत्या, जमिनी एका अंगाला कललेल्या. टेपने मोजून काढलेल्या नकाशावर नव्या भागाचं स्टील कारखान्यात कापून आणलं, तर साइटवर ते बसणार नाही.

घर खरंच किती जुनं आहे हे कसं ओळखायचं?

दारावर कोरलेल्या सालावर लगेच विश्वास ठेवू नका. ते साल बांधकामाचं असू शकतं, तसंच दुरुस्तीचं किंवा मालकाच्या लग्नाचंही असू शकतं. त्यापेक्षा लाकूड आणि खिळे जास्त बोलतात. तुळईवर करवतीच्या सरळ समांतर खुणा असतील तर ती हाताच्या किंवा वर-खाली चालणाऱ्या करवतीने कापलेली. खुणा कमानीसारख्या वळलेल्या असतील तर गोल करवतीने, आणि तिचा सर्रास वापर १९व्या शतकातला. लोहाराने ठोकून घडवलेले खिळे सगळ्यात जुने. पत्र्यातून यंत्राने कापलेले खिळे १८व्या शतकाच्या अखेरीपासून दिसू लागतात, आणि तारेचे गोल खिळे १९व्या शतकाच्या उत्तरार्धात बाजारात पसरले. एक सावधगिरी ठेवा: शेतकऱ्याने लाकूड कधी वाया घालवलं नाही. आधीच्या गोठ्याची तुळई पुढे घरात बसवलेली असणं अगदी नेहमीचं आहे.

नेमकं साल हवं असेल तर लाकडातली वाढीची वर्तुळं मोजणारी पद्धत आहे. अँड्र्यू डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने ती २०व्या शतकाच्या सुरुवातीला उभी केली. लाकडावर झाडाची साल, म्हणजे बाहेरचं आवरण, शिल्लक असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडलं इथपर्यंत सांगता येतं. अर्थात त्या जातीच्या झाडांची त्या भागातली संदर्भमालिका, म्हणजे वर्तुळांच्या जाडीची वर्षवार नोंद, तयार असावी लागते.

ही निव्वळ हौस नाही. भिंतीत वरपासून खालपर्यंत सरळ उभा सांधा दिसला, तर तिथे घर पूर्वी एकदा वाढवलेलं आहे. एखाद्या कोपऱ्यात दगडांची ठेवण अचानक बदलली असेल, तर तिथे बुजवलेला दरवाजा असण्याची शक्यता मोठी. नव्या भागाकडे जायला वाट काढायची तर तीच जागा सगळ्यात सोयीची: वरची कमान किंवा छावणी (दरवाजावरची आडवी तुळई) अजून जागेवर असते, आणि अस्सल भिंत फोडावी लागत नाही.

घर वारसा म्हणून संरक्षित असेल तर काहीच करता येणार नाही का?

येतं, परवानगी घेऊन. नियम देशागणिक वेगळे आहेत, पण त्यामागचा विचार बराचसा सारखा आहे. वास्तुजतनाची १९६४ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद सांगते की जुनी वास्तू वापरात असणं तिच्या जतनाला उपकारक आहे, आणि नवीन भर घालावीच लागली तर ती जुन्यापासून वेगळी ओळखू यावी. १९७९मध्ये पहिल्यांदा स्वीकारलेल्या ऑस्ट्रेलियाच्या बुरा सनदेचा सूर असा: गरज असेल तेवढं जरूर करा, त्यापलीकडे शक्य तितकं कमी बदला. अमेरिकेच्या अंतर्गत खात्याचे पुनर्वसनाचे दहा निकष आहेत. त्यातला शेवटचा मला सगळ्यात उपयोगी वाटतो: नवी भर अशी घाला की उद्या ती काढून टाकली, तरी जुन्या वास्तूचं मूळ रूप शाबूत राहील. घर संरक्षित नसलं तरी ही कसोटी लावून बघावी.

विकत घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. संरक्षण फक्त दर्शनी भागाला आहे की आतल्या जिन्याला, चुलीला, आवारातल्या गोठ्याला आणि कुंपणाच्या भिंतीलाही आहे? आणि आधीच्या मालकाने विनापरवाना काही केलं आहे का? बऱ्याच ठिकाणी ते निस्तरण्याची जबाबदारी नव्या मालकावर येते.

नवा भाग जुन्यासारखाच दिसावा की वेगळा?

सगळ्यात जास्त वाद या प्रश्नावर होतो, म्हणून जरा सविस्तर.

हुबेहूब नक्कल दोन कारणांनी फसते. पहिलं, आजचा दगड यंत्राने कापलेला असतो आणि काँक्रीटच्या भिंतीला पातळ चकत्यांसारखा चिकटवलेला असतो. खिडकीच्या खोबणीत त्याची जाडी दिसली की सोंग उघडं पडतं. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. नक्कल चांगली वठली तर अस्सल कुठलं हेच पुढच्या पिढीला कळत नाही, आणि जुन्या घराची किंमत त्यातून वाढण्याऐवजी कमी होते.

म्हणून नव्याने आरडाओरडा करावा असंही नाही. इटलीतल्या व्हेरोना शहरात कास्तेलवेक्कियो हा मध्ययुगीन किल्ला आहे. वास्तुविशारद कार्लो स्कार्पाने १९५०-६०च्या दशकांत त्याचं संग्रहालय म्हणून रूपांतर केलं, तेव्हा नवी फरशी जुन्या भिंतीला भिडवली नाही. मध्ये एक पट्टी मोकळी सोडली. जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं, हे पाहणाऱ्याला आपोआप समजतं. इंग्लंडमधल्या वॉरिकशरचा ॲस्टली कॅसल १९७८मध्ये आगीत जळाला. तिथे पडझड झालेल्या भिंतींच्या आतच नवं घर बसवलं गेलं. विटांच्या नव्या बांधकामाने मोडक्या दगडी भिंतींना आधार दिला, त्यांच्यावर मात केली नाही. या कामाला ब्रिटनमधला वास्तुरचनेचा स्टर्लिंग पुरस्कार २०१३मध्ये मिळाला. दोन्ही उदाहरणं शेतघरांची नाहीत, पण सांधा कसा करावा हे शिकायला यांच्याइतकी चांगली फार थोडी आहेत.

शेतघराला स्वतःची एक शिकवणही आहे. ती घरं एका झटक्यात मोठी झाली नाहीत. आधी एक-दोन खोल्या, मग बाजूला गोठा, पाठीमागे उतरत्या छपराची पडवी, पुढे धान्याचं कोठार. नवा भागही तसाच दोन-तीन लहान तुकड्यांत विभागला तर चौपट क्षेत्रफळसुद्धा अंगावर येत नाही. आढं जुन्या आढ्यापेक्षा जरा खाली ठेवा, दर्शनी भिंत जुन्या भिंतीपासून थोडी मागे घ्या. रंग-पोताचा एखादा धागा, म्हणजे छपराचा उतार किंवा लाकडाचा करडेपणा, समान ठेवला की पुरे. एकच प्रचंड चौकोनी पेटी जुन्या घराला चिकटवली, की जुनं घर नोकरांची खोली वाटू लागतं. साहित्य कितीही उंची असलं तरी हा दोष झाकत नाही.

जुन्या-नव्याच्या मध्ये काचेचा दुवा हल्ली सगळेच करतात. करावा का?

करावा, पण अरुंद. काचेचा दुवा दोन काळांमध्ये श्वास घ्यायला जागा देतो आणि जुन्या घराची बाहेरची भिंत आतून बघायला मिळते. ही खरी चैन. पण तो रुंद करत नेला की उन्हाळ्यात त्याची भट्टी होते. वरून काच हवीच असेल तर बाहेरच्या बाजूने सावलीची सोय करा. आतले पडदे ऊन आत आल्यावर काम करतात, तोवर उशीर झालेला असतो.

बांधणीत तीन गोष्टी बघा. काचेची चौकट आणि पाणी अडवणारी पट्टी दगड कापून बसवू नका, सांध्यात बसवा. दुव्याचा भार जुन्या भिंतीवर टेकवू नका, त्याला स्वतःचे खांब द्या. आणि दोन्हींमध्ये हालचालीला वाव असणारा सांधा ठेवा, कारण नवा भाग पहिली काही वर्षं खचत असतो आणि जुना कधीच बसलेला असतो.

चुना की सिमेंट?

जुन्या भागात चुना. यात तडजोड करू नका.

कारण समजून घ्यायला भिंतीच्या पोटात जावं लागेल. अशी भिंत सहसा ४५ ते ६० सेंटिमीटर जाड असते, कधी जास्तही. पण ती सलग दगडाची नसते. बाहेर एक थर, आत एक थर, मधल्या पोकळीत लहान दगड, माती आणि चुना, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारे मधूनमधून आडवे आरपार दगड. या भिंतीला पाणी अडवता येत नाही. ती पावसाचं पाणी थोडं शोषते आणि नंतर बाहेर टाकते. हे बाहेर टाकणं प्रामुख्याने सांध्यांमधून होतं, कारण चुना दगडापेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असतो.

पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिनने १८२४मध्ये घेतलं. त्याआधीच्या घराच्या मूळ बांधकामात ते असणं शक्यच नाही. त्यानंतरही कितीतरी दशकं खेड्यापाड्यांत चुना आणि मातीच चालत होती. अशा भिंतीचे सांधे सिमेंटने भरले की पाण्याची सोपी वाट बंद होते. मग ओल दगडातून निघू बघते, सोबत क्षार आणते, ते दगडाच्या पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाचे पोपडे सुटतात. गोठणारी थंडी पडणाऱ्या प्रदेशात बर्फ हेच काम आणखी जोरात करतो. काही वर्षांनी दृश्य मोठं विचित्र असतं: सिमेंटच्या रेघा कडक उभ्या, आणि मधला दगड खोल झिजलेला. सांधा झिजला तर पुन्हा भरता येतो. दगड झिजला तर गेला.

चुन्याचेही प्रकार आहेत. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सियसला भाजली, पाण्यात विझवली आणि मुरवली की जो मऊ चुना मिळतो, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश पुन्हा चुनखडी होतो. आतल्या गिलाव्याला आणि मऊ दगडाला तो उत्तम. पाण्याच्या सान्निध्यातही आवळणारा नैसर्गिक हायड्रॉलिक चुना युरोपीय मानकानुसार २, ३.५ आणि ५ अशा तीन प्रतींत येतो. आकडा वाढेल तशी ताकद वाढते आणि श्वास, म्हणजे ओल बाहेर सोडण्याची क्षमता, कमी होतो. पाच नंबरचा मागायचा मोह होतो, कारण मोठा आकडा चांगला वाटतो. उघड्यावरच्या चिमणीला किंवा माथ्याच्या दगडांना तो ठीक, पण साध्या भिंतीला बहुतेकदा ३.५ किंवा त्याहून मऊ पुरतो. नियम एवढाच की सांध्यातला माल दगडापेक्षा कच्चा असावा.

चुन्याला घाई चालत नाही. काम करताना आणि नंतरचे काही दिवस तापमान पाच अंशांच्या वर हवं. कडक ऊन किंवा वारा असेल तर ओलं गोणपाट टांगून ठेवावं लागतं. कंत्राटदाराचं वेळापत्रक काँक्रीटच्या हिशेबाने आखलेलं असेल तर इथेच खटके उडतात. करार करतानाच हे लिहून घ्या.

भिंतींना खालून ओल चढली आहे. भिंतीत ओल अडवणारं रसायन टोचून थांबेल का?

ते टोचायला लगेच तयार असणाऱ्याला आधी विचारा, ओल येते कुठून ते शोधलं का. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. अनेक वर्षांत बाहेरची जमीन भर पडत पडत आतल्या जमिनीपेक्षा उंच झालेली असते, पन्हळ फुटलेली असते, जोत्यालगत काँक्रीटची पट्टी ओतून पाण्याला भिंतीकडे वळवलेलं असतं, किंवा बाहेरून सिमेंटचा गिलावा असतो. बाहेरची माती आतल्या जमिनीच्या १५ ते २० सेंटिमीटर खाली न्या, काँक्रीटची पट्टी काढा, सिमेंटचा गिलावा उतरवा आणि एक-दोन हंगाम वाट बघा. शिवाय मध्ये पोकळी आणि भराव असलेल्या दगडी भिंतीत रसायनाचा सलग थर तयार होईल याची खात्री देता येत नाही.

भिंतीलगत पाणी काढून नेणारा चर खणायचा असेल तर तो भिंतीला खेटून नको, आणि पायाच्या तळापेक्षा खोल तर मुळीच नको.

इतक्या जाड भिंती आहेत, म्हणजे इन्सुलेशनची गरज नाही ना?

हा गोड गैरसमज आहे. दगड उष्णता साठवतो, अडवत नाही. ६० सेंटिमीटर दगडी भिंत जेवढी उष्णता अडवते, तेवढी इन्सुलेशनसाठी वापरतात ती खनिज लोकर साधारण दोन-तीन सेंटिमीटरमध्ये अडवते. भिंतीचा खरा गुण वेगळा: बाहेरचा बदल आत पोचायला तिला दहा-बारा तास किंवा जास्तच लागतात. म्हणून दिवसा तापणाऱ्या आणि रात्री थंड होणाऱ्या हवेत आतलं तापमान स्थिर राहतं. सलग आठवडेच्या आठवडे थंडी असेल, तर हा गुण कामाला येत नाही.

मग आतून इन्सुलेशन लावू का?

आधी छप्पर. उष्णता सगळ्यात स्वस्तात तिथेच अडवता येते. मग दारं-खिडक्यांच्या फटी, मग जमीन. भिंतीचा नंबर शेवटचा.

भिंतीला लावायचंच तर वाफ जाऊ देणारं निवडा: लाकडाच्या तंतूंचे फलक, चुना आणि भांगेच्या देठांचं मिश्रण, चुना आणि बुचाचा गिलावा. फोमचे फलक आणि प्लॅस्टिकचा पडदा लावला तर आतल्या हवेतली वाफ फटींतून मागे जाते, थंड पडलेल्या दगडावर पाणी होऊन साचते, आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं कुजायला लागतात. दिसतं मात्र काहीच नाही. जाडीही माफक ठेवा. भिंत जितकी जास्त झाकाल तितका मागचा दगड थंड आणि ओला राहतो. जुन्या भागात बऱ्यापैकी, नव्या भागात अव्वल, असा हिशेब धरला तर एकूण घराचा इंधनाचा खर्चही आटोक्यात राहतो आणि जुन्याचा जीवही.

आतला गिलावा खरवडून दगड उघडा ठेवायचा आहे. छान दिसतो.

फोटोत छान दिसतो. अनघड दगडाची भिंत बांधणाऱ्याने ती बहुधा झाकण्यासाठीच बांधली होती, आतून चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याची सफेदी. उघडी केली की खोली अंधारते, धूळ झडते, वारा सांध्यांतून येतो आणि आवाज घुमतो. चुलीची भिंत, एखादा घडीव कोपरा किंवा काचेच्या दुव्यात आलेली जुनी बाहेरची भिंत उघडी ठेवा, तेवढ्याने हौस भागते. जिथे चिरे नीट घडवून बसवले आहेत तिथली गोष्ट वेगळी, ती भिंत दाखवण्यासाठीच होती. वाळूचा मारा करून दगड साफ करणं मात्र कुठेच नको. दगडाचा वरचा टणक थर त्याने निघून जातो.

मधली भिंत काढून मोठा हॉल करता येईल का?

जुन्या भागात ही हौस महागात पडते. आडवी भिंत बाहेरच्या लांब भिंतींना धरून उभी असते. ती काढली तर नुसता वरचा भार पेलून भागत नाही, लांब भिंती बाहेर फुगू नयेत याचीही तजवीज करावी लागते. त्यासाठी पोलादी चौकट लागते. मोठा हॉल नव्या भागात घ्या, तिथे बारा मीटरचा मोकळा पल्लाही सहज मिळतो. जुन्या छोट्या खोल्या वाचायला, झोपायला, दोघा-चौघांनी शेकत बसायला ठेवा.

एखादं भगदाड पाडणं अटळ असेल तर भिंतीत आडव्या तुळ्या आरपार घालून, दोन्ही बाजूंनी टेकू देऊन, मगच दगड काढायला घ्या. पोटातला भराव भुसभुशीत असेल तर तो वाळूसारखा ओघळतो. म्हणून आधी पातळ चुन्याने पोकळ्या भरून घेतात. हे काम जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय करू नका.

छत फार खाली आहे. जमीन खोदून उंची वाढवता येईल?

आधी दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन पाया बघा. बऱ्याच घरांना पाया असा नसतोच. मोठाले दगड जमिनीत हातभर खाली ठेवून भिंत सुरू केलेली असते. आतून थोडं जरी जास्त खोदलं तरी भिंतीचा तळ उघडा पडतो. खालून पाया भरून घेता येतो, पण तो एकेक मीटरच्या तुकड्यांत, एक सोडून एक. सलग खोदलं तर भिंत बसलीच. काम महाग आहे आणि मिळते जेमतेम वीतभर उंची. डोकं आपटणाऱ्या तुळईखाली दिवाण किंवा टेबल ठेवणं, हा उपाय मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

जुन्या लाकडी खिडक्या बदलाव्यात?

चौकटीचं खालचं लाकूड कुजलं असेल तर तेवढाच तुकडा कापून नवा जोडता येतो. जुन्या, सावकाश वाढलेल्या झाडाचं घट्ट लाकूड आज मिळणं कठीण आहे. आतल्या बाजूने दुसरी पातळ काचेची खिडकी बसवली तर उष्णतेची गळती निम्म्याहून जास्त घटते, आणि दोन्ही काचांत दहा सेंटिमीटरभर अंतर असेल तर आवाजही चांगला अडतो. तिहेरी काचा नव्या भागात वापरा.

तुळया पोखरलेल्या दिसतात. सगळ्या बदलायच्या का?

भोकं दिसली म्हणजे कीड जिवंत आहे असं नाही. कित्येकदा ती काही दशकांपूर्वीच निघून गेलेली असते. ताजा भुसा पडतो का ते बघा आणि ओलावामापकाने लाकूड तपासा. ओलावा सातत्याने २० टक्क्यांच्या वर असेल तर बुरशीची भीती, त्याखाली असेल तर बहुतेक लाकूड निर्धास्त. टोकं मात्र टोच्याने टोचून बघाच. कुजलेलं टोक कापून नवं लाकूड किंवा पोलादी पट्टी जोडली तर बाकीची तुळई आणखी शंभर वर्षं काढेल.

किचन, बाथरूम, हीटिंग, वायरिंग कुठे आणि कसं?

ओली कामं नव्या भागात. मुख्य किचन, मोठी बाथरूम, कपडे धुण्याची खोली आणि यंत्रसामग्री तिकडे नेली की जुन्या भिंतींत पाइपसाठी खाचा पाडाव्या लागत नाहीत, आणि वाफेचं प्रमाणही जुन्या भागात कमी राहतं. जुन्या भागात बाथरूम हवंच असेल तर ते खोलीत ठेवलेल्या कपाटासारखं स्वतंत्र उभं करा, भिंतींना न चिकटवता.

जमिनीखालचं हीटिंग या घरांना मानवतं. पाइपात ३५ ते ४५ अंशांचं पाणी पुरतं, त्यामुळे बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता घरात आणणाऱ्या हीट पंपाशी त्याची जोडी जमते. जुनी फरशी उचलताना प्रत्येक लादीला मागून क्रमांक द्या आणि फोटो काढून ठेवा. खाली काँक्रीट आणि प्लॅस्टिक घातलं तर जमिनीतली ओल भिंतींकडे ढकलली जाते. फोम काचेच्या, म्हणजे फुगवलेल्या हलक्या काचेच्या, खड्यांचा थर आणि त्यावर चुन्याचं काँक्रीट हा पर्याय जास्त जागा खातो, पण इथे तोच योग्य.

आणि वायफाय. ६० सेंटिमीटर दगडातून सिग्नल जवळपास जात नाही. राउटर बदलत बसण्यापेक्षा जमिनीचं काम चालू असतानाच प्रत्येक खोलीत नेटवर्कची केबल नेऊन ठेवा.

तब्येतीला धोका होईल असं काही?

तीन गोष्टी तपासून घ्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं, अमेरिकेत घरगुती रंगात ते १९७८मध्ये बंद झालं. तो रंग कोरडा घासायचा नाही. २०व्या शतकातल्या दुरुस्त्यांमध्ये ॲस्बेस्टॉस सापडतं. आणि ग्रॅनाइटच्या प्रदेशात जमिनीतून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू येतो. जागतिक आरोग्य संघटनेने दर घनमीटरला १०० बेकरेल (किरणोत्सर्गाचं एकक) ही संदर्भपातळी सुचवली आहे. फटी बुजवून घर घट्ट केलं की रेडॉन वाढू शकतो, म्हणून मोजणी कामाआधी आणि कामानंतर, दोन्ही वेळा करा.

गवंडी चांगला आहे हे कसं ओळखावं?

मीटरभर भिंत नमुना म्हणून करून दाखवायला सांगा, आणि ती पूर्ण वाळल्यावर बघा. ओला चुना सगळाच छान दिसतो. जुना माल सांध्यातून हाताने, छिन्नीने काढतो की ग्राइंडर लावतो? ग्राइंडर दगडाच्या कडा खातो. वाळू कुठली वापरणार याबद्दल तो स्वतःहून बोलतो का? सांध्याचा रंग बहुतांशी वाळूवरून ठरतो. थरांच्या दगडाचा नवा चिरा तो खाणीत जसा आडवा होता तसाच बसवतो का? उभा बसवला तर थर पापुद्र्यासारखे सुटतात. या प्रश्नांना कंटाळणारा माणूस घेऊ नका.

खर्चाचा अंदाज किती चुकू शकतो?

नव्या भागाचा फारसा नाही. जुन्याचा भरपूर. गिलावा काढेपर्यंत, जमीन उचलेपर्यंत आत काय आहे ते कळत नाही. जुन्या भागाच्या अंदाजाचा पाचवा हिस्सा वेगळा काढून ठेवा, आणि तो उंची नळांवर आधीच खर्च करू नका. करारात दोन्ही भागांचे दर वेगळे लावून घ्या. एकच ठोक रक्कम ठरवली तर कंत्राटदार जोखीम धरून किंमत फुगवतो, किंवा नंतर जुन्या कामात काटछाट करतो. विम्यासाठी जुना भाग त्याच पद्धतीने पुन्हा बांधायचा खर्च धरावा लागतो, आणि तो बाजारभावापेक्षा जास्त निघू शकतो.

त्यापेक्षा दगड सुटे करून, क्रमांक देऊन, नव्याने बांधलं तर?

दर्शनी घडीव चिरे परत बसवता येतात. अनघड दगडाची भिंत मात्र उतरवली की संपली, पोटातला भराव आणि दगडांची एकमेकांतली गुंफण परत मिळत नाही. भिंत कोसळायच्या बेतात असेल तरच तो विचार करा, तोही तेवढ्या तुकड्यापुरता.

काम संपल्यावर लगेच राहायला जाता येईल?

नव्या भागात हो. जुन्या भागात चुन्याचा गिलावा अजून ओला असतो. पहिल्या हंगामात हीटिंग एकदम पूर्ण जोरात लावू नका, रोज थोडं थोडं वाढवा, नाहीतर गिलाव्याला आणि जुन्या लाकडाला तडे जातात. केसासारख्या बारीक भेगा पडतीलच, त्या सफेदीच्या पुढच्या हाताने बुजतात. प्लॅस्टिकचा रंग जुन्या भिंतींना कधीच लावू नका. फर्निचर भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, आणि वर्षातून दोनदा पन्हळी साफ करायला कोण चढणार ते आधीच ठरवून टाका.